शनिवारची प्रार्थना-यादी

मुलांनो,

तुमच्यापैकी थोरली आता तिच्या चर्चमध्ये बायबल अभ्यासाचा छोटा गट चालवायला घेणार आहे. तिने मला विचारलं, आजी, तू मस्कतला इतकी वर्षं गट चालवलास, मला चार सूचना लिहून पाठव. सूचना देणं सोपं आहे. खुर्च्या गोल मांडाव्यात. ठरलेल्या वेळेला सुरू करावं, कोणी आलं नसलं तरी. ठरलेल्या वेळेला संपवावं, कोणाचं बोलणं राहिलं असलं तरी. जो फार बोलतो त्याला समोर न बसवता आपल्या शेजारी बसवावं, म्हणजे नजरानजर होत नाही आणि तो लवकर थांबतो. प्रश्न विचारल्यावर कोणी बोललं नाही तर मनात दहापर्यंत मोजावं, आपणच उत्तर देऊन टाकू नये. झाल्या सूचना.

पण एवढंच पाठवलं तर मी तुमच्यापासून काहीतरी लपवल्यासारखं होईल. माझ्या गटात एका माणसाचं मोठं नुकसान झालं, आणि ते आम्ही प्रार्थना करता करता केलं. त्याला बरीच वर्षं झाली. मला अजून त्याचा राग येतो. हे मी मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की माझ्यातली सेक्रेटरी जागी होते आणि मी सगळ्यांशी फार सभ्यपणे वागू लागते. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. अडलं तर आईला विचारा.

आम्ही मस्कतला गेलो तेव्हा तुमची आई शाळेत होती. मी अल् खुवैरला, मंत्रालयांच्या मागच्या रस्त्यावर, एका कंपनीत सेक्रेटरीची नोकरी धरली. पत्रं टाइप करायची, फायली लावायच्या, साहेबांच्या बैठकांची टिपणं काढायची. मला ते काम आवडायचं. आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारीच असायचा. चर्चमधली उपासना, मिस्सा, शुक्रवारी सकाळी. आवारात एवढी गर्दी की निम्मे लोक बाहेर उन्हात उभे राहून लाउडस्पीकरवर ऐकायचे.

अशा गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही. म्हणून चर्चने वस्तीप्रमाणे लहान गट केले होते. दहा-बारा माणसं, कोणाच्या तरी घरी, आठवड्यातून एकदा. मुसलमान देशात घरातली प्रार्थना कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून गाड्या इमारतीपासून जरा लांब लावायच्या आणि भजनं हळू म्हणायची, एवढं फादरांनी सांगून ठेवलेलं. मी आधी एका इंग्रजी गटात गेले. तिथे एक गृहस्थ दीड तास बोलायचे आणि आम्ही वहीत लिहून घ्यायचो. शेवटी ते "एनी क्वेश्चन्स?" असं विचारायचे आणि विचारता विचारताच बायबल मिटायचे. तुमचे आजोबा एकदाच आले. परत येताना गाडीत म्हणाले, "मला वाटलं, शेवटी परीक्षेची तारीख सांगतील." त्यानंतर ते कधी आले नाहीत.

मी मात्र चार वर्षं जात राहिले. वसईला माझ्या माहेरी बायबल कपाटात असायचं आणि जपमाळ हातात. जपमाळ आमची, बायबल फादरांचं, अशी वाटणीच होती. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजीत पहिली आले, पण चाळिशी उलटल्यावर मस्कतच्या त्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा एक शुभवर्तमान, येशूचं चरित्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचलं. वाचून संपल्यावर भक्तिभाव वगैरे काही दाटून आला नाही. राग आला. हे मला इतकी वर्षं कोणी वाचायला का दिलं नाही, याचा.

वसईची माणसं तिथे पुष्कळ होती. हॉटेलांत, गॅरेजांत, कार्यालयांत, कारखान्यांत. इंग्रजी गटात ती यायची नाहीत, आली तर भिंतीला टेकून गप्प बसायची. मी फादरांकडे मराठी गट मागितला. चर्चच्या समितीतल्या एकाने हरकत घेतली की, मग उद्या प्रत्येक भाषेचे लोक गट मागतील. मल्याळमचा होता, तमिळचा होता, कोकणीचाही होता. मागतील कसले, सगळ्यांचं मागून झालंय, आम्हीच राहिलोत, असं मी त्यांना सुनावलं. गट मिळाला.

तो आमच्याच फ्लॅटमध्ये भरायचा, शुक्रवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा. प्रत्येकाने पाळीने एकेक वचन वाचायचं. मग माझे तीन प्रश्न, दर आठवड्याला तेच. या उताऱ्यात कोण कोण आहे? काय घडलं? तुम्ही तिथे असता तर कुठे उभे असता? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं शाळेतल्यासारखी यायची. तिसऱ्याला माणसं खरी बोलू लागायची.

गटात एक वेल्डर यायचा. रुसैलच्या एका कारखान्यात कामाला, गाव माझ्या माहेरापासून तीन मैलांवर. कंपनीची बस शुक्रवारी दुपारी कामगारांना रुवीच्या बाजारात सोडायची आणि रात्री परत न्यायची. इतरांचा तो वेळ खरेदीत आणि फोन करण्यात जायचा. हा तिथून छोटी बस पकडून आमच्याकडे यायचा. अंगात इस्त्रीचा शर्ट, बायबल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. वाचायचा सावकाश, ओळीखाली बोट धरून. त्याची पाळी आली की एखाददोघं घड्याळाकडे बघायचे, आणि मी त्यांच्याकडे बघायचे.

एकदा आम्ही लुळ्या माणसाची गोष्ट वाचली, ज्याला त्याच्या मित्रांनी छप्पर उघडून खाली येशूपुढे सोडला. मित्रांची श्रद्धा किती मोठी, यावर सगळे बोलले. वेल्डरचं बोट अजून त्याच ओळीखाली होतं. मग म्हणाला, "ताई, छप्पर फोडलं ते सगळे सांगतात. नंतर ते नीट कोणी करून दिलं?" सगळे हसले. तो हसला नाही. "ज्याचं घर होतं तो काय म्हणाला असेल, ते पण बघायला पाहिजे ना," एवढं बोलून त्याने बायबल मिटलं. मी चार वर्षांच्या वह्या चाळल्या. इंग्रजी गटातल्या त्या गृहस्थांनी छपराचं काही सांगितलं नव्हतं.

आता प्रार्थनेच्या विनंत्यांबद्दल. अभ्यास संपला की प्रत्येकजण आपली विनंती सांगायचा. कोणाच्या आईचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाचा दहावीचा निकाल, कोणाचा व्हिसा. मी त्या एका वहीत उतरवून घ्यायचे, तारीख, नाव, विनंती, आणि पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाला विचारायचे, काय झालं? लोकांना ते फार आवडायचं. परक्या देशात आपल्या आईच्या ऑपरेशनची आठवण कोणीतरी ठेवतं, ही काही लहान गोष्ट नाही.

चर्चमध्ये एक प्रार्थना-साखळी पण होती. सहा-सात बायका. शनिवारी सकाळी दहा वाजता साखळीप्रमुख प्रत्येक गटाच्या चालकाला फोन करून विनंत्यांची यादी घ्यायची, मग ती दुसरीला वाचून दाखवायची, दुसरी तिसरीला, आणि सगळ्या आपापल्या घरी प्रार्थना करायच्या. साखळीप्रमुख आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहायची. मुंबईची, चांगल्या घरातली, मिस्सेत वाचन करणारी. तिचा नवरा रुसैलला एका कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होता. कोणत्या कारखान्यात, ते मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत होतं.

नोव्हेंबरमधला एक शुक्रवार. वेल्डरची पाळी आली तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, "माझ्या कामाचं आणि घरच्या कार्याचं नीट पार पडू दे." बाकीचे निघाले. तो कप विसळायला थांबला, नेहमी थांबायचा, कितीही नको म्हटलं तरी. स्वयंपाकघरात त्याने मला सगळं सांगितलं. एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत, कारण त्यात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत. रजा मंजूर झाली होती. मार्चअखेर त्याचा करार संपत होता. तो लग्नाहून परत येऊन करार पुरा करणार होता, आणि मग दूर सोहार शहरात एका वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून लागणार होता. तिथला मालक, अर्बाब, स्वतः त्याचं काम बघून गेला होता. रुसैलच्या कंपनीला हे तो लग्नाहून परतल्यावर तोंडावर सांगणार होता, रीतसर. मुलीशिवाय बोलताना त्याच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. चार वर्षांत तिला दोनदा पाहिलं होतं.

मी खूश झाले. आणि मग मी काय केलं? वही उघडली. त्याने गटात सांगितलेली विनंती लिहिलेली होती, "काम आणि कार्य." मला ती अपुरी वाटली. प्रार्थना करणाऱ्या बायकांना यातून काय कळणार? ऑफिसात मी अर्धवट टिपण कधी ठेवलं नव्हतं. मी त्याच्याखाली स्वच्छ अक्षरांत चार ओळी लिहिल्या. नाव, कंपनी, लग्न कधी, करार कधी संपतो, सोहारची नोकरी, वर्कशॉपचं नाव. शनिवारी दहाला फोन वाजला आणि मी ते सगळं वाचून दाखवलं. पलीकडून आवाज आला, "ओ, डॉटर्स वेडिंग, हाऊ नाइस," आणि पेनाचा आवाज.

त्यानंतरच्या दोन शुक्रवारी वेल्डर आला नाही. ओव्हरटाइम असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी तो चार वाजताच आला. मी खुर्च्या मांडत होते. तो आत आला नाही, चपला न काढता दारातच उभा राहिला. त्याची रजा रद्द झाली होती. मॅनेजरने बोलावून घेतलं होतं आणि सोहारचं सगळं त्याला माहीत होतं, वर्कशॉपच्या नावासकट. गेलास की तू परत येणार नाहीस, म्हणून रजा खलास, असं तो म्हणाला. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता, त्यामुळे पुढे बोलायला काही उरलं नव्हतं.

"मी त्यांना विचारलं, सर, तुम्हाला कोणी सांगितलं," वेल्डर म्हणाला. "ते हसले. म्हणाले, अरे, तुझ्यासाठी आमच्या घरात प्रार्थना चालू आहे."

मग तो म्हणाला, "ताई, मी फक्त तुम्हाला बोललो होतो."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. तो नुसता हिशेब लावून बघत होता, आणि हिशेब दरवेळी माझ्यापाशीच येऊन थांबत होता. मी त्याला म्हटलं, मीच सांगितलं. फोनवर. शनिवारी. तो मान हलवून गेला. बस नाही, काही नाही, त्या उन्हात चालत गेला.

मी तुमच्या आजोबांना झोपेतून उठवलं. पाच वाजता लोक येतील, त्यांना बसवा, उतारा वाचून घ्या, मी जाऊन येते. त्या आठवड्याला नेमकी येशूची वंशावळ होती. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, बेचाळीस पिढ्या. जो माणूस एकदाच बायबल गटात आला होता त्याच्याकडून मी बेचाळीस पिढ्या वाचून घेतल्या. नंतर ते सांगत, तिसरा प्रश्न विचारायचं धाडस झालं नाही, इतक्या पिढ्यांत कुठे उभं राहायचं हेच कोणाला ठरवता येईना.

मी दोन रस्ते ओलांडून साखळीप्रमुखाच्या घरी गेले. तिने दार उघडलं, सरबत आणलं. मी ते तसंच ठेवून विचारलं, तुम्ही तुमच्या नवऱ्याला का सांगितलं? ती खरोखर गोंधळली. आम्ही दोघं रोज सकाळी एकत्र प्रार्थना करतो, ती म्हणाली, आणि यादी मोठ्याने वाचतो. नवऱ्यापासून प्रार्थना लपवायची का?

"त्याची रजा गेली. त्याच्या मुलीचं लग्न आहे," मी म्हणाले.

"तुमच्याच यादीत होतं ना, ताई? मी फक्त वाचलं."

हे खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच मला इतका संताप आला. पण तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. ती पुढे म्हणाली की देवाची काहीतरी योजना असेल, कदाचित सोहार त्याच्यासाठी बरं नसेल. मी उठले. देवाची योजना काढायला तिला दोन मिनिटं लागली, आणि त्या योजनेत तिच्या नवऱ्याच्या कारखान्याला अनुभवी वेल्डर सोडावा लागत नव्हता. मुलांनो, कोणाच्या नुकसानीला कोणी देवाची योजना म्हणू लागलं, तर त्या योजनेत म्हणणाऱ्याचा काय फायदा आहे, ते आधी बघा.

फादरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं असं म्हणाले, आणि म्हणाले, आपण या भावासाठी प्रार्थना करू. मी म्हटलं, फादर, त्याच्यासाठी आतापर्यंत जेवढी प्रार्थना झाली तेवढी त्याला पुरे झाली, तुम्ही मॅनेजरला एक फोन करा. ते म्हणाले, कंपन्यांच्या कारभारात चर्चने पडणं बरं नाही, आपण इथे पाहुणे आहोत. त्यांची अडचण मला कळत होती. आजही कळते. पण वेल्डरच्या विनंतीने मात्र कंपनीच्या कारभारात बिनधास्त प्रवेश केला होता, ते कोणाला अडचणीचं वाटलं नव्हतं.

मग मी स्वतः गेले. गुरुवारी ऑफिसातून रजा घेतली आणि आजोबांनी मला गाडीने रुसैलला नेलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये एसी इतका थंड की मी पदर लपेटून बसले. तो मला आंटी म्हणाला, चहा मागवला. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, की तुम्हाला जे कळलं ते प्रार्थनेच्या यादीतून कळलं, ते तुम्ही वापरणं बरोबर नाही. तो म्हणाला की, कळलं म्हणजे कळलं, आता ते विसरू कसा? इट्स नथिंग पर्सनल, आंटी. मी म्हटलं, त्या माणसाला एकच मुलगी आहे, यापेक्षा पर्सनल काय असतं?

बराच वेळ बोलणं झालं. मी आवाज चढवला नाही. याचा मला आता पश्चात्ताप होतो. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, तुम्ही आलात म्हणून. दोन अटी. लग्नाला जायचं तर आधी दोन वर्षांच्या नव्या करारावर सही करायची. आणि कंपनीतल्या एका माणसाने जामीन राहायचं, वेल्डर परत येईपर्यंत त्या जामिनाची रजा बंद. दोन्ही झालं तर पासपोर्ट मिळेल. आणि वर मला म्हणाला, बघा, देवाने तुमचं ऐकलं.

दोन वर्षं. ती सोहारची जागा, ते फोरमनपण, सगळं गेलं, आणि त्याबद्दल मी आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा होती. मी मानले नाहीत. चहाही प्यायले नाही.

वेल्डरला निरोप पोचवला. त्याने करारावर सही केली. त्याने विचारसुद्धा केला नाही, मुलीच्या लग्नापुढे त्याला बाकी काही दिसत नव्हतं. राहिला जामीन. त्याच कारखान्यात आमच्या गटातले दोघं कामाला होते, एक स्टोअरकीपर आणि एक ऑफिसातला क्लार्क. दोघंही वसईचे, दोघंही वर्षानुवर्षं माझ्या दिवाणखान्यात बसून शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल चांगलं बोललेले. मी दोघांना फोन केले. स्टोअरकीपर म्हणाला, त्याची स्वतःची रजा मे महिन्यात आहे, भानगड नको. क्लार्क म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. बायको वसईला होती. ती त्याला अजून काही बोललेली नसावी.

सही केली ती वेल्डरच्या खोलीतल्या एका सुताराने. मालवणकडचा माणूस, आमच्या चर्चचा नाही की धर्माचा नाही. मार्चमध्ये त्याच्या गावचा शिमगा होता आणि त्यासाठी त्याने वर्षभर रजा राखून ठेवली होती. वेल्डर वेळेवर परतला नसता तर त्याचा शिमगा बुडाला असता. वेल्डरच्या मुलीला लग्नात द्यायच्या कपड्यांची एक बॅग पोचवायला आम्ही कॅम्पवर, कामगारांच्या वसतीत, गेलो तेव्हा तो भेटला. मी त्याला म्हटलं, तुम्ही फार मोठं काम केलंत. त्याला ते आवडलं नाही. "तो येतलो," म्हणाला, "माका म्हायत आसा." आणि बॅग उचलून आत गेला.

मला तेव्हा जो राग आला तो सगळ्यात वाईट होता, कारण तो माझ्यावरच होता. आठ वर्षं मी गट चालवला. तुम्ही तिथे असता तर कुठे उभे असता, असं शेकडो वेळा विचारलं. खरोखर उभं राहायची वेळ आली तेव्हा माझे दोघं मागे सरकले, आणि ज्याला तो प्रश्न कधी कोणी विचारलाच नव्हता तो पुढे आला.

पुढच्या शुक्रवारी मी गटासमोर सगळं सांगितलं. कोणाचं नाव न घेता, पण माझं नाव घेऊन. मी म्हटलं, एका माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी त्याला न विचारता लिहिली आणि वाचून दाखवली, आणि त्याची दोन वर्षं गेली. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग एक बाई म्हणाल्या की, अशा ऑफिसच्या गोष्टी इथे आणायला नको होत्या, वातावरण बिघडतं. स्टोअरकीपर जमिनीकडे बघत होता. त्या महिन्यात तिघं इंग्रजी गटात निघून गेले. तिथे कोणाला काही विचारत नाहीत, त्यांना बरं पडलं असेल.

तेव्हापासून माझ्या गटात विनंती मोठ्याने सांगायची पद्धत बंद झाली. शेवटी पाच मिनिटं सगळे गप्प बसायचे. साखळीचा फोन मात्र दर शनिवारी दहाला येत राहिला, नऊ वर्षं. काही विनंत्या? नाहीत. आमच्या गटात कोणालाच काही अडचण कशी नाही, असं समितीने फादरांमार्फत मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं, आमचं फार सुरळीत चाललंय. त्या वर्षी उपवासकाळात मिस्सेतल्या सार्वजनिक विनंत्या वाचायला नेहमीप्रमाणे तीच बाई उभी राहिली, स्वच्छ उच्चार, शांत चेहरा. सगळ्यांनी प्रतिसाद दिला. मी तोंड मिटून उभी होते.

वेल्डर लग्नाला पोचला. फेब्रुवारी संपायच्या आत, ठरलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच, परत आला. सुतार शिमग्याला गेला.

परतल्यावर एका शुक्रवारी सकाळी वेल्डर घरी आला, सुकेळीची, वसईच्या सुकवलेल्या केळ्यांची, पुडी आणि लग्नाचे फोटो घेऊन. मी फोटो पाहिले. मुलगी त्याच्यासारखी होती, रुंद कपाळाची. एका फोटोत तो तिच्या शेजारी उभा होता, सूट उसना असावा, हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखा. मी त्याची माफी मागितली. त्याने मला रागवावं अशी माझी फार इच्छा होती. तो रागावला नाही. "लग्न लागलं तेव्हा मी तिथे होतो, ताई," एवढंच म्हणाला.

मग मी विचारलं, संध्याकाळी येणार का?

"नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी आता आम्ही दोघं मत्र्याच्या मासळीबाजारात जातो. मासे आणतो, खोलीवर शिजवतो. त्याला शिजवायला येतं, मला साफ करायला."

दोघं म्हणजे तो आणि सुतार. मी बरं म्हटलं. दोन वर्षं तो रुसैलला होता, दर शुक्रवारी बस त्याला रुवीत सोडत होती, आणि तिथून आमचं घर तेवढंच लांब होतं जेवढं आधी होतं. मी त्याला परत एकदाही बोलावलं नाही. त्याच्या शुक्रवारवर आमच्या गटाचा हक्क राहिला नव्हता. ज्याने सही केली होती त्याच्याबरोबर तो मासे आणत होता, आणि ते बरोबर होतं.

तुमची,
आजी